निओडिमियम-याग ॲम्प्लिफायर 10 वरून 50 हर्ट्झला न्यायचाय: जाड रॉड घेऊन भागेल का?

लॅम्पवाला:
मंडळी, लेसर पल्सची ऊर्जा वाढवणारा, फ्लॅशलॅम्पवर चालणारा निओडिमियम-याग स्फटिकाचा रॉड ॲम्प्लिफायर आहे. रॉडचा व्यास साडेनऊ मिलिमीटर, पंप होणारी लांबी 8 सेंटिमीटर, लॅम्पला दर शॉटला 60 जूल. 10 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 10 शॉटला, बीम सुरेख. रेट वाढवत गेलो की पोलरायझरमधून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा भाग) बाजूला प्रकाश सांडायला लागतो. तिथे आयआर कार्ड (अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश दाखवणारं) धरलं तर चार पाकळ्या दिसतात. शिवाय पुढच्या आरशावर बीम आवळला जातो, म्हणून कोटिंगची भीती वाटते. बरोबरचे म्हणतात पाणी गार करणारा मोठा चिलर घ्या. मला वाटतंय रॉडच जाड घ्यावा, म्हणजे उष्णता पसरेल आणि पुढेमागे ऊर्जाही वाढवता येईल. काय करू?

थंडडोकं:
आधी पाण्याचा फ्लो आणि फिल्टर बघा. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

जुना_स्लॅब:
फ्लो जरूर बघा, पण या पाकळ्या फिल्टर बदलून जाणार नाहीत. आधी हिशोब मांडू.

लॅम्पला दिलेल्या विजेपैकी ढोबळमानाने 5 टक्के रॉडमध्ये उष्णता होऊन बसते. 10 हर्ट्झला 30 वॅट, 50 ला 150 वॅट. म्हणजे दर सेंटिमीटरला 19 वॅटच्या आसपास. याग रॉड तडकायची मर्यादा साधारण 200 वॅट प्रति सेंटिमीटर आहे, तेव्हा रॉड फुटायची काळजी सोडा. तुमचं दुखणं लेन्सचं आणि डीपोलरायझेशनचं आहे: मधे गरम, कडेला गार असा रॉड भिंगासारखा बीम आवळतो, आणि उष्णतेच्या ताणाने प्रकाशाची कंपनदिशा बिघडते, त्याच त्या पाकळ्या.

मोठा चिलर आणलात तर रॉडची कातडी गार होईल. मधला भाग आणि कड यांच्यातला फरक स्फटिकाच्या उष्णतावहनावर ठरतो; 150 वॅटला तो बारा-तेरा अंश येतो. पाणी 25 चं 15 केलंत तर दोन्ही टोकं दहाने उतरतील, फरक तसाच. आणि गंमत म्हणजे या फरकाच्या सूत्रात व्यास येतच नाही! वर दिलेल्या तडकण्याच्या मर्यादेतही येत नाही. रॉड जाड केला की ताण पसरतो खरा, पण उष्णतेला बाहेर पडायला वाटही लांब होते, फिट्टंफाट.

जाड रॉडने एक फायदा होतो: तेवढ्याच वॅटला लेन्स सौम्य होते, क्षेत्रफळाच्या प्रमाणात. माझ्या अंदाजाने तुमची फोकल लांबी 10 हर्ट्झला 6 मीटरच्या जवळपास आहे आणि 50 ला सव्वा मीटर होईल. पण बीमने रॉड भरून घेतला तर पाकळ्या तेवढ्याच राहणार, कारण तो परिणाम रॉडमध्ये बसणाऱ्या एकूण वॅटवर ठरतो. आणि जाड रॉडमधून जास्त ऊर्जा काढायला गेलात की ते वॅटही वाढलेच. थोडक्यात, एका रॉडमागे ऊर्जा गुणिले हर्ट्झ हा आकडा बांधलेला आहे.

म्हणूनच ज्यांना जास्त ऊर्जा आणि जास्त रेट दोन्ही हवं होतं त्यांनी रॉड सोडून स्लॅब, म्हणजे चपट्या पाट्या, घेतल्या. उष्णता कडेने न काढता बीम जातो त्याच तोंडावरून काढायची, आणि स्लॅब पातळ ठेवायचे. ब्रिटनच्या रदरफोर्ड ॲपलटन लॅबोरेटरीच्या डायपोल या लेसरमध्ये इटर्बियम-याग सिरॅमिकचे स्लॅब एकामागे एक उभे आहेत आणि त्यांच्या फटींतून 150 केल्व्हिनच्या आसपासचा हेलियम वाहतो. 2016 च्या अखेरीस त्यांनी 100 जूल, 10 हर्ट्झ गाठलं. उलट अमेरिकेतल्या एनआयएफ (नॅशनल इग्निशन फॅसिलिटी) या महाकाय लेसरच्या काचेच्या स्लॅबमधून कितीतरी जास्त ऊर्जा निघते, पण दिवसाला मोजकेच शॉट. मधला वेळ काच निवण्यात जातो.

थंडडोकं:
हेलियमच का? नायट्रोजन स्वस्त पडतो की.

जुना_स्लॅब:
बीम त्या वायूतूनच जातो ना. हेलियमचा अपवर्तनांक हवेपेक्षा 1 च्या आठेक पट जवळ आहे, म्हणून वायू गरम-थंड झाला तरी वेव्हफ्रंट (प्रकाशलाटेच्या आघाडीचा आकार) फारसा बिघडत नाही. आणि उष्णता हवेपेक्षा पाच-सहा पट चांगली वाहून नेतो. इटर्बियमला गारवा वेगळ्या कारणानेही लागतो: खोलीच्या तापमानाला त्याची लेसरसाठीची खालची ऊर्जा-पातळी थोडी भरलेली असते आणि ती लेसरचाच प्रकाश पिते. गार केल्यावर ती रिकामी होते, शिवाय यागचं उष्णतावहन वाढतं. 940 नॅनोमीटरला पंप आणि 1030 ला लेसर, म्हणजे मुळात नऊ टक्केच तोटा. निओडिमियमला 808 च्या डायोडने पंप केलं तरी 24 टक्के.

पण स्लॅब हवा तेवढा रुंद करता येत नाही. रुंदीत उत्स्फूर्त प्रकाश आडवा धावत वाढतो आणि साठवलेली ऊर्जा शॉटच्या आधीच खाऊन टाकतो. म्हणून कडेला क्रोमियम-यागची किनार लावतात, ती हा आडवा प्रकाश शोषते.

लॅम्पवाला:
हेलियम आमच्या आवाक्यातलं नाही हो, सर! आहे त्या रॉडवर काय करता येईल?

जुना_स्लॅब:
तसलाच दुसरा रॉड घ्या, दोघांच्या मध्ये कंपनदिशा 90 अंशांनी फिरवणारा क्वार्ट्झ रोटेटर, आणि पहिल्या रॉडची प्रतिमा दुसऱ्यात पडेल अशी भिंगांची रिले; मग पहिल्याचा बिघाड दुसरा उलटा करून टाकतो. दोन्ही लॅम्पना ऊर्जा सारखी हवी, नाहीतर पाकळ्या पुरत्या मिटणार नाहीत. दुसरा रॉड परवडत नसेल तर फॅराडे रोटेटर (चुंबकाने कंपनदिशा फिरवणारा) आणि आरसा लावून त्याच रॉडमधून परत आणा. उरलेल्या लेन्सला ऋण भिंग, पण ते एकाच रेटला जुळतं. म्हणून प्रयोगाला 5 हर्ट्झ हवे असले तरी लॅम्प 50 नेच उडवत ठेवा आणि नको ते पल्स पॉकेल्स सेलने (विजेवर चालणारी प्रकाशाची झडप) अडवा.