मदत हवी आहे: पूरनिधीचा हिशेब मागायचा हक्क देणगीदाराला आहे का?

जुलै 2021 च्या चिपळूण पुरानंतर आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून एका नोंदणीकृत ट्रस्टला दिली. चेकसोबतच्या पत्रात ‘फक्त पूरग्रस्तांच्या घरदुरुस्तीसाठी’ असं स्पष्ट लिहिलं होतं. 80जी ची (आयकर सवलतीसाठीची) पावती आली, ताडपत्री वाटपाचे फोटो आले. घरं मात्र कुणाची दुरुस्त झाली, त्याची यादी आजवर नाही.

ईमेल केले, रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. पोच आली, उत्तर नाही. धर्मादाय आयुक्तांच्या (ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी) कार्यालयातून ऑडिट रिपोर्टची नक्कल काढली, तर सगळा खर्च ‘इतर धर्मादाय उद्दिष्टे’ या एका ओळीत कोंबलेला. ताळेबंदात आमचा निधी वेगळा दाखवलेलाच नाही!

ट्रस्ट सोसायटी म्हणून नोंदलेला नाही, त्यामुळे सभासद म्हणून हिशेब मागायचा प्रश्न नाही. पोलीस केस नकोय. तिथले कार्यकर्ते खरंच राबलेत. फक्त हिशेब हवा.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41ब खाली चौकशीसाठी तक्रार करायला ‘हितसंबंधी व्यक्ती’ लागते, आणि व्याख्येत विश्वस्त, लाभार्थी दिसतात, देणगीदार नाही. मग अर्ज आम्ही केला तर टिकेल, की चिपळूणच्या एखाद्या पूरग्रस्ताची सही घ्यावी लागेल? प्रत्यक्ष असा अर्ज कुणी चालवलाय का?