बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) फर्फ्युरल हे रसायन काढताना भांड्याला काळा थर बसतो, काय करू?

एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर: कारखान्यातला बगॅस वाळवून, दळून सौम्य सल्फ्युरिक आम्लात १७० अंशांना तापवते. फर्फ्युरल येतं, कडू बदामाचा वास खोलीभर पसरतो. पण भांड्याला काळा चिवट थर धरतो आणि उतारा घसरतो. आम्ल वाढवू का?

जुना प्रोसेसवाला: अजिबात नको, ताई. तो थर म्हणजे ह्युमिन, रेणू एकमेकांना जुळून झालेला डांबरासारखा कचरा. बगॅसच्या तंतूंमधलं हेमिसेल्युलोज फुटून झायलोज ही साखर होते, त्यातून पाण्याचे ३ रेणू निघाले की फर्फ्युरल. ते गरम आम्लात रेंगाळलं की उरलेल्या झायलोजशी आणि आपापसात जुळत बसतं. म्हणून तयार होताच वाफेबरोबर बाहेर ओढा. क्वेकर ओट्सने १९२२ मध्ये अमेरिकेत ओटच्या टरफलांपासून हेच फर्फ्युरल काढायला घेतलं होतं. आणि हिशेब मांडताना लक्षात ठेवा, १०० ग्रॅम झायलोजमागे फार तर ६४ ग्रॅम. उरलेला चोथा बॉयलरला चालतोच.

फाउंड्रीवाला, शिरोली: पुढची पायरीही करा! फर्फ्युरलला तांब्याच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन दिला की फर्फ्युरिल अल्कोहोल. त्याच्या फ्युरान रेझिनने, म्हणजे वाळू बांधणाऱ्या चिकट राळेने, आमची साच्याची वाळू भट्टीविना घट्ट होते. ऊसही इथला, फाउंड्रीही इथल्या. हे काम कोल्हापुरातच व्हायला हवं, मनापासून सांगतो.

विद्यार्थिनी: वाफेची नळी जोडते. उत्प्रेरक कॉपर क्रोमाइटच (तांबं आणि क्रोमियमचा) घेऊ का?

जुना प्रोसेसवाला: खात्रीचा आहे, पण वापरून झाल्यावर त्यातल्या क्रोमियमची विल्हेवाट डोकेदुखी. सिलिकावरचं तांबं आधी करून बघा.