मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत बसलेले आपले उच्चायुक्त (म्हणजे राजदूत) कुणाचे : तूर पिकवणाऱ्याचे की वरण खाणाऱ्याचे?

तूरवाला कारंजा
2016 मध्ये आपल्या सरकारनं मोझांबिकशी तूर आणायचा करार केला. वाढत वाढत वर्षाला 2 लाख टनांपर्यंत. 2021 मध्ये तो आणखी पाच वर्षं लांबवला. तिकडची तूर ऑगस्ट-सप्टेंबरात निघते अन् आपली डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे आमच्या शेंगा भरायच्या आतच जहाजं बंदराला लागतात, व्यापारी भाव पाडून मोकळा. 2023 मध्ये मोझांबिकच्या ‘नाकाला’ नावाच्या बंदरात भारतात यायची तूर अटकली, तर भारतानं सरकारी पातळीवर विषय लावून धरला. आमची तूर ओलावा 12 टक्क्यांवर दाखवून सरकारी खरेदी केंद्रावरून वापस येते, तवा कोन धावते? उच्चायुक्त साऱ्या देशाचे म्हणता ना, मंग त्यात वाशीम जिल्हा येत नाही काय?

पांढरकवडा
भाऊ, चुकीच्या दारावर काठी आपटून राहिले तुमी. मे 2021 मध्ये तूर आयात खुली केली ती दिल्लीनं, मापुतोतल्या साहेबानं नाही. दिल्ली सांगते ते तिकडं मांडायचं, तिकडं दिसलं ते दिल्लीला कळवायचं, हे त्याचं काम. आपापल्या खासदाराले विचारा, तो तर मतं मागायला गावात येते.

तूरवाला कारंजा
कळवायचं ना? मंग पेरा किती, पीक कसं, हे तिकडून कळवतात तसं इकडं तुरीचा भाव हमीभावाखाली गेला हेही त्याईच्या टेबलावर पाह्यजे. करार करताना डिसेंबरनंतर जहाज नको, एवढी एक अट घालता आली असती.

रिसोडची लेक
अट चांगली आहे, पण ती घालणार वाणिज्य आणि कृषी खातं. देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांचा 1961 चा व्हिएन्ना करार आहे, त्यातलं कलम 3 वाचा. वकिलातीची कामं त्यात आहेत : देशाचं प्रतिनिधित्व, आपल्या नागरिकांच्या हिताचं रक्षण, वाटाघाटी, तिथली परिस्थिती कळवणं, मैत्री आणि व्यापार वाढवणं. आता डाळ महागली की शहरातली बाई बोंबलते, स्वस्त झाली की तुम्ही. दोघंही नागरिकच.

धामणगाव रेल्वे
बोंबलते म्हणे! एक क्विंटल तूर सोंगून, झोडपून पाहा मंग बोला.

मेहकरचा
विषय तुरीचा आहे, पण माझा अनुभव सांगतो. मावसभाऊ मस्कतला कामाला होता. मालकानं पासपोर्ट दाबून ठेवला, पगार थकवला. तिथल्या आपल्या दूतावासात ओपन हाउसला (तक्रारी ऐकायच्या खुल्या बैठकीला) जाऊन बसला, तक्रार लिहून दिली. त्याईनं परतीसाठी तात्पुरता कागद करून दिला, पोरगा घरी आला. थकलेला पगार मात्र बुडाला तो बुडालाच. तरी त्या दिवशी आमच्यासाठी भारत म्हणजे तेच एक टेबल होतं.

पांढरकवडा
हेच म्हणतो मी. माणूस अडकला तर ते हात देतात. भाव पडला तर त्याईच्या हाती काही नाही.

तूरवाला कारंजा
बंदरात पोतं अडकलं तवा हात होता ना? तेवढं सांगा, बाकी मान्य.