थंडीत रात्री वाचायला पुस्तकं सुचवा, वेळ वीसच मिनिटं

सेलूची_वाचक
मार्गशीर्ष लागला, इकडं थंडी चांगलीच पडायलीय. भांडी, उद्याची डाळ भिजवणं, लेकरं झोपवणं होईस्तोवर दहा वाजतात. मग गोधडीत वीस मिनिटं, तीही रोज नाहीत. अशात जमतील अशी मराठी पुस्तकं सांगा. जाड ऐतिहासिक कादंबरी दर वेळी शंभराव्या पानावर अडकते. आपल्याकडच्या, म्हणजे मराठवाड्यातल्या लेखकांची असली तर बरंच.

पुस्तकवाले_काका
ताई, विषय नंतर बघा, आधी पुस्तक कुठं कुठं तुटतं ते बघा. एका पानाला दोन मिनिटं धरली तर वीस मिनिटांत दहा पानं होतात. अनुक्रमणिका उघडायची आणि लागोपाठच्या दोन लेखांच्या पान-आकड्यांची वजाबाकी करायची. आठ ते पंधरा आली तर खुशाल घरी न्या.

कादंबरी अडकते ती जाडीमुळं नाही. मध्ये तीन दिवस खाडा पडला की कोण कुणाचा मेहुणा तेच आठवत नाही. मग दहातली पाच पानं मागचं वाचण्यात जातात.

सुरुवातीला पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’. प्रत्येक माणूस स्वतंत्र, कुठूनही उघडा. मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. 1934 ते 1937 मध्ये चार भागांत आलेलं आत्मचरित्र आहे, पण भाषा चुलीपुढं बसून बोलल्यासारखी. प्रसंग लहान लहान, त्यामुळं खाडा पडला तरी धागा सुटत नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ महिन्या-महिन्यानं लिहिलेलं आहे. सध्या मार्गशीर्ष वाचा, पुढं पौष. मात्र ते सावकाश वाचायचं पुस्तक. डोळे मिटायला लागल्यावर हाती घेऊ नका, एकच परिच्छेद चार वेळा वाचाल.

गोदाकाठ
आपल्याकडचं म्हणाल तर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (1971). गावातल्या शिंप्याच्या बायकोनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली गोष्ट, बोली आपलीच. कादंबरी असली तरी आटोपशीर, सांगणारी एकच, म्हणून नावांचा गोंधळ होत नाही. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. त्यातल्या कथा लांब आहेत. एका कथेला तीन-चार रात्री धरा आणि थांबताना प्रसंग पुरा करूनच खूण घाला. अगदीच पाच मिनिटं असतील त्या दिवशी ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’.

साधी_वाचक
‘पाचोळा’ चांगलीच आहे, पण झोपायच्या आधी? शेवट लै जड आहे. शेवटची पानं तरी दुपारसाठी ठेवा.

सेलूची_वाचक
वजाबाकीची युक्ती पटली. भाकरी करता करता ऑडिओ ऐकलं तर चालेल का?

गोदाकाठ
चालेल, पण सगळंच नाही. आठवणी, व्यक्तिचित्रं, विनोदी लेख ऐकायला सोपे. कथेत पात्रं जास्त असली की पीठ मळताना एक नाव निसटतं, आणि पिठाच्या हातानं मोबाईल मागं नेता येत नाही. इयरफोन एकाच कानात घाला, दुसरा कुकरच्या शिट्टीसाठी मोकळा. मिक्सर लावायच्या आधी बंद करा.

पुस्तकवाले_काका
पीडीएफचंही सांगून ठेवतो. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटोच असतो, त्यातलं अक्षर एकटं मोठं होत नाही. मोबाईलवर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडं सरकवावं लागतं आणि तिसऱ्या पानावर माणूस कंटाळतो. ई-बुक असेल तरच मोबाईलवर वाचा.

छापील घेताना बांधणी बघा. शिवलेलं पुस्तक एका हातात उघडं राहतं, दुसरा हात गोधडीत ठेवता येतो. नुसत्या डिंकावरचं आपोआप मिटतं. पालथं दाबलं की पानं सुटतात, मग ग्रंथालयात बोलणी खावी लागतात. दिवा डोक्याच्या मागून, खांद्यावरून येऊ द्या. छताच्या मधल्या बल्बकडं पाठ करून बसलं की स्वतःचीच सावली पानावर पडते.

आणि ग्रंथालयात यंदाचे दिवाळी अंक मागा. दिवाळीनंतरची झुंबड आता ओसरलेली असते, शिवाय अंकातला एक लेख एका रात्रीत उरकतो.

सेलूची_वाचक
आमच्या ग्रंथालयात ‘स्मृतिचित्रे’ मिळालं, पण दोन्ही पुठ्ठे सुटलेत.

पुस्तकवाले_काका
घ्या तरीही. आधी मागची पानं मोजून घ्या, आणि ते पुस्तक देत असतानाच पुठ्ठे सुटलेत हे त्यांच्या वहीत लिहून घ्यायला सांगा.