उतारावरची वायनरी बघताना माती कशी ओळखायची?

मुलुंडकर:
फेब्रुवारीत सकाळी मुंबईहून निघून रात्री परत, असा नाशिकचा बेत आहे. डोंगरउतारावरच्या आणि खालच्या काळ्या रानातल्या द्राक्षांची वाइन वेगळी लागते म्हणतात. नवख्याला ते कळेल? बागेत नेमकं काय बघायचं?

मुरूमखडी:
कळेल. पण मातीची चव वाइनला लागते, असं नाही. खेळ पाण्याचा आहे. खडक वर-खाली बेसॉल्टचाच. उतारावर त्याचा मुरूम आणि वर वीतभर माती, त्यामुळे पाणी लगेच निचरतं, वेल बेताने वाढते, मणी बारीक राहतो. रसाच्या मानाने साल जास्त, आणि शिराझसारख्या काळ्या द्राक्षाच्या वाइनचा रंग सालीतून येतो, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) बरंचसं तिथूनच. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, वेल माजते, पानांची दाटी होते आणि घड सावलीत राहतात. मग कॅबर्ने या काळ्या द्राक्षाच्या वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. भुरी या बुरशीचा धोका वाढतो तो वेगळाच.

एकाच जातीची वरची आणि तळाची ओळ बघा. काडीची जाडी, दोन पेऱ्यांमधलं अंतर ताडा; जाड काडी आणि लांब अंतर म्हणजे वेल माजलेली. विचारून एक मणी फोडा: बी तपकिरी आणि कुरकुरीत असेल तर पिकलंय, हिरवट असेल तर साखर २३ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) भरली तरी टॅनिन कच्चंच.

खुंटावरचा:
थोडं थांबा. ठिबक आलं की निम्मा कारभार पाणी सोडणाऱ्याच्या हातात जातो. हलक्या मुरमात पाण्याचा ताण जास्त झाला तर पानं गळतात, मणी सुकतात. तिथे साखर वाढलेली दिसते, पण ती पिकल्याची नव्हे, आटल्याची. कलम कोणत्या खुंटावर (ज्या मुळाच्या वेलीवर द्राक्षाची जात बांधतात तो) आहे हेही विचारा. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर जमिनीत चुनखडी आहे, वेलीला लोह मिळत नाही. पालाश (पोटॅशियम) जास्त झालं तर रसाचा सामू (pH) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. रेड वाइनचा सामू ३.८ च्या वर गेला की रंग मळकट दिसतो.

मुलुंडकर:
म्हणजे दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखायच्या?

मुरूमखडी:
हो, पण आधी द्राक्षं कुठल्या प्लॉटची ते विचारा. बऱ्याच वायनऱ्या करारावरच्या शेतकऱ्यांकडूनही माल घेतात, त्यामुळे समोरचा उतार बाटलीत असेलच असं नाही. द्राक्षाची जात, काढणीचं वर्ष आणि लाकडी पिंपात ठेवण्याचा काळ सारखा हवा, नाहीतर लाकडाचा फरक मातीच्या नावावर खपतो. दुपारी रेड कोमट देत असतील तर दहा मिनिटं बर्फात ठेवायला सांगा. १६-१८ अंशांना नीट कळते. आणि थुंकायचं भांडं मागायला लाजू नका, परतीला कसारा घाट आहे.