प्रतिसाद: सदाफुलीचा काढा आणि व्हिन्क्रिस्टीन

वर कुणीतरी विचारलंय की व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध सदाफुलीपासूनच बनतं, मग ल्युकेमियाला (रक्ताच्या कॅन्सरला) पानांचा काढा का चालणार नाही. अहो, ढीगभर वाळलेल्या पानांतून ते चिमूटभर निघतं आणि मोठ्या माणसाला एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, काढ्यात किती उतरलं ते कोण मोजणार? माझ्या भाच्याला एएलएल (ल्युकेमियाचाच एक प्रकार) होता, तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर चालताना चप्पल पायातून निसटायची आणि त्याला पत्ताच नसायचा, शर्टाची बटणं लागेनात, शिवाय बद्धकोष्ठता इतकी की पोट नगाऱ्यासारखं. हे सगळं या औषधाच्या मज्जातंतूंवरच्या परिणामामुळे, तेव्हा डॉक्टरांना लगेच सांगा, ते डोस कमी करतात. आणि हो, नायट्यासाठी मेडिकलवाल्याकडून इट्राकोनॅझोल परस्पर आणून देऊ नका, त्याने व्हिन्क्रिस्टीन शरीरात साठून त्रास वाढतो. हे औषध फक्त शिरेतूनच द्यायचं, चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर जवळपास नक्कीच जीव जातो, जगात असे प्रकार झालेत, म्हणून डब्ल्यूएचओने २००७ मध्ये इशारा दिला की सिरिंजऐवजी छोट्या सलाईन बॅगेत पातळ करून द्या. मणक्यात द्यायचं मेथोट्रेक्सेट (केमोचंच दुसरं औषध) त्याच दिवशी असेल तर बिनधास्त विचारा, सिस्टर, हे कुठलं?