विषय: ठाण्यातल्या शिक्षकांच्या वाचनगटासाठी नियमित वाचायचं काय?

नमस्कार मंडळी,

ठाणे आणि ऐरोलीच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांचा जो वाचनगट मंडळाच्या मदतीने सुरू होतोय, त्यांनी विचारलंय की शिक्षणावरचं कुणाचं लेखन सातत्याने वाचावं. सभासदांनी सुचवलेले चाळीसेक दुवे जमलेत, बहुतेक इंग्रजी. तसेच पाठवू का?

– शिक्षण समिती

---

नमस्कार ताई,

तसेच नका पाठवू. चाळीस दुवे व्हॉट्सॲपवर गेले की संध्याकाळपर्यंत वर सरकतात आणि पुन्हा कुणी उघडत नाही. चार-पाच ठिकाणं पुरेत, आणि सुरुवात मराठीतून करा: पुण्याचं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक, १९८७पासूनचं ‘पालकनीती’, विज्ञानाच्या कृतींसाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ (तिथे मराठी पुस्तकंही मोफत आहेत). इंग्रजीत अझीम प्रेमजी विद्यापीठाचं ‘ॲट राइट अँगल्स’. गणिताचं आहे, पीडीएफ मोफत, आणि त्यातली प्राथमिकसाठीची पुरवणी थेट वर्गात नेण्याजोगी असते. वाशीच्या पुढचंच स्टेशन मानखुर्द, तिथलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही गटाने नजरेत ठेवावं.

उरलेले दुवे चाळून घ्या. प्रत्येकाचे तीन जुने लेख उघडा, अगदी ताजा सोडून. त्यात मुलांची खरी उत्तरं दिसतात का? ‘अपूर्णांक आनंददायी करा’ एवढं सांगणारा लेख निरुपयोगी. १/२ + १/३ = २/५ असं मुलांनी लिहिलं, कारण अंश आणि छेद त्यांना दोन सुट्या संख्या वाटतात; मग कागदाच्या पट्ट्या घडी घालून दाखवल्या; तरी काहींचं चुकलंच, कारण दोन पट्ट्या वेगवेगळ्या लांबीच्या होत्या – हा लेख ठेवायचा. इयत्ता, पटसंख्या, लागलेल्या तासिका आणि कुठे फसलं, यांतलं काहीच नसेल तर लेखकाने ते वर्गात केलंय की नाही हेही कळत नाही.

नंतर दोन खुणा शोधा. ‘वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हा त्रिकोण जिथे छापलाय ते ठिकाण बाद. तो अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवतात, पण १९४६च्या त्यांच्या मूळ आकृतीत टक्केवारी नव्हतीच. दुसरी खूण म्हणजे मुलांची दृश्य, श्राव्य आणि कृतीप्रधान अशी वाटणी. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्या वाटणीनुसार शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. असं लिहिणारा माणूस वाईट नसतो, पण तो मूळ संशोधन तपासत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच तपासणारा हवा.

– वाशीहून

---

सर, फार उपयोगी. दोन शंका. नवा लेख आल्याचं शिक्षकांना कळणार कसं? आणि परदेशातले लेख पंचवीस मुलांचा वर्ग गृहीत धरतात, त्याचं काय?

– शिक्षण समिती

---

ताई,

फोनवर आरएसएस वाचक ॲप (संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारं) घ्यायचं आणि संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा. संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर बनवलेलं असेल तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ (feed) लिहिलं की बहुधा चालतं. हे काम गटातल्या एकानेच करावं, आणि महिन्याला एकच लेख निवडून त्याची छापील प्रत द्यावी. फोनवर लेख वरवर वाचला जातो, समासात काही लिहिलं जात नाही.

मोठ्या पटासाठी लेखातली कृती न बदलता तपासण्याची पद्धत बदला. समजा, तासाच्या सुरुवातीला आठवून लिहिण्याबद्दलचा लेख आहे. तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. पाच मिनिटं, वही मिटून, पाटीवर. पन्नास पाट्या तपासत बसायचं नाही. उत्तरं लगेच फळ्यावर लिहायची, मुलांनी आपलं आपण दुरुस्त करायचं. गुण दिले की शेजारच्याचं बघून लिहिणं सुरू होतं, आणि कुणाला काय आठवत नाही हेच झाकलं जातं. महिन्यापूर्वीचा प्रश्न निम्म्याहून जास्त मुलांना जमला नाही, तर तो कठीण म्हणून गाळू नका. दोन दिवसांनी तोच पुन्हा विचारा.

बैठकीला प्रत्येकाने लेखासोबत पाच मुलांचं काम आणावं, पाट्यांचे फोटो चालतील. चर्चा त्या उत्तरांवर होऊ द्या. दुसऱ्या लेखाची निवड त्यातूनच होईल: मुलं जिथे अडली असतील, त्यावरचा.

– वाशीहून